रोबोच्या छातीवरचं कुंकू

पलूस, खंडेनवमी, संध्याकाळ

आज आईवर ओरडलो. तेही एका खेळण्यासाठी, या वयात.

जपानी कार्टूनमधल्यासारखा, शाळेत असताना विकतचे तुकडे जोडून केलेला माझा रोबो. आता कंपनीनं तसे रोबो बनवणंच बंद केलंय, परत मिळायचा नाही. आईनं तो कपाटातून काढून कोयता, खुरपं, ट्रॅक्टरच्या चावीशेजारी पूजेला मांडला. पांढऱ्या छातीवर कुंकू! "कुणी सांगितलं हात लावायला?" केवढ्यानं ओरडलो मी.

ती ओल्या फडक्यानं पुसत राहिली. "तू तुज्या हातानं जोडलाय, म्हून ठिवला रं."

डाग अजून आहे. मघापासून तोच बघतोय. नसतो ओरडलो तर काय बिघडलं असतं? घरात सगळे त्याला खेळणं म्हणून हसले. आई कधीच नाही. आणि वर पहिल्याच ओळीत मीही खेळणंच लिहिलंय.