सात नंबरचं रक्त

११ नोव्हेंबर १९९४
पेशी जगल्या! उंदराच्या हाडातल्या, बशीत वाढवलेल्या. वीज दोनदा गेली, पण जनरेटर वेळेवर लागला. आता त्यांच्यावर माणसाच्या रक्ताचं निवळ पाणी घालायचं — गळ्यातल्या ग्रंथींचा हार्मोन त्यात जितका जोर करत असेल तितकं या उत्तर देतात. अगदी थोडाही यांना कळतो. माझे गाईड सर म्हणाले, "अब नॉर्मल लोगों का ख़ून लाओ. दस लोग."

१३ नोव्हेंबर
नऊ जण डिपार्टमेंटातच मिळाले. घरी बोलले तर प्रभाआत्याने बाही वर केली. "घे. दिवसभर लोळतेच आहे, एवढं तरी कामाला येऊ दे."
बाबा पेपराआडून — "चला, काहीतरी करते म्हणायची."
आत्याने बाही आणखी वर सरकवली. शाळेतली नोकरी सोडून अकरा वर्षं झाली तिला. अंग दुखतं म्हणते, पडून असते.
नळ्यांवर नंबर सरांनी टाकले — कुणाचं कुठलं ते मला कळू नये म्हणून.

२१ नोव्हेंबर
सात नंबर फारच वर आलाय. माझाच हात चुकला असणार.

२६ नोव्हेंबर
तिसऱ्यांदा लावला. तसाच. सरांनी वही उघडली.
"प्रभावती जी कौन हैं?"
"मेरी बुआ."
"बुआ बीमार हैं, शरदिनी."

३ डिसेंबर
कॅल्शियमही वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली एक ग्रंथी बिघडली आहे, तीच हाडं झिजवते. म्हणून थकवा, म्हणून दुखणं. ऑपरेशनने बरं वाटेल.
आत्याला मीच सांगितलं. तिने रिपोर्ट हातात घेऊन दोनदा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते?"
"नव्हतीस गं."
"दादाला तू सांग. माझं त्याला पटायचं नाही."
सांगितलं. बाबा चपला घालून नदीच्या घाटाकडे गेले. तासाभराने आले ते पिशवीभर संत्री घेऊन. स्वतः सोलून तिच्यापुढे ठेवली.

१० जानेवारी १९९५
ऑपरेशन झालं. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी गाठ. बस्, एवढीच.

२६ फेब्रुवारी
आत्या मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्या न थांबता चढली — मीच मागे, धापा टाकत. आल्यावर साबुदाण्यावरून बाबांशी भांडली. मजा आली ऐकायला. माझा तक्ताही पुरा झाला. सात नंबर सरांनी नॉर्मलमधून काढून टाकला, वर वेगळं पान दिलं त्याला. सगळं कसं छान चाललंय.

२ जुलै
आत्याने मिर्झापूरच्या शाळेत नोकरी धरली. खोलीही बघून आली. बाबा म्हणाले, "या वयात एकटी राहणार?"
"अकरा वर्षं इथे एकटीच होते की, दादा."
मीही याच घरात होते.