रादोय्काचा आवाज सुलटा वाजवावा

मी, दारिंका स्तानोयेविच, वय एक्क्याऐंशी, राहणार झेमून, बेलग्रेड, व्यवसाय संगीतरचना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि दोन्ही कान शाबूत असताना लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. हे केलेले नाही, निदान सगळे तरी नाही.

कलम १. माझा राहता फ्लॅट, नदीकडच्या बाल्कनीसह, माझा भाचा मिलुतिन याला मिळावा. मुलगा गुणी आहे, पण त्याला सूर म्हणजे काय हे देवाने कळू दिलेले नाही. माझ्या कोठीच्या खोलीला तो "आत्याचं भंगार" म्हणतो. त्या खोलीतल्या वस्तूंवर त्याचा कसलाही हक्क नाही. लोणच्याच्या बरण्या तेवढ्या घ्याव्यात.

कलम २. बँकेतील रकमेतून माझे क्रियाकर्म करावे. उकडलेले गहू, कॉफी आणि रकिया, म्हणजे आमची घरी गाळलेली फळांची दारू, असावी. बँड बोलावू नये. झेमूनचे बँडवाले मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही असे धरून वाजवतात.

कलम ३. माझा जुना व्हॅक्यूम क्लीनर, बंद असला तरी, श्री. ल्युबोमीर यांना द्यावा. हे रेडिओवरील आमच्या स्टुडिओचे प्रमुख होते. माझी पहिली रचना ऐकून सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाई, हे संगीत नाही, घर झाडल्याचा आवाज आहे." त्यांचा कान बरोबर होता, क्लीनरचाच आवाज होता तो. मी त्याची गती कमी करून त्यातून चार सूर काढले होते, ते मात्र त्यांना ऐकू आले नाहीत. परवा टीव्हीवर हेच गृहस्थ सांगत होते, "दारिंकाला मीच पुढे आणलं." आणले असेल. आता हा क्लीनरही त्यांनी पुढे आणावा.

कलम ४. माझे टेपयंत्र, टेप कापायची कात्री आणि चिकटपट्ट्या नेवेना हिला द्याव्यात. नेवेना म्हणजे संग्रहालयातील ती मुलगी, जिला रेडिओच्या तळघरात माझ्या टेप सापडल्या. माझ्या नावाची खोकी पाण्याच्या नळाखाली रचलेली होती आणि मी मेले असेन असे सगळे धरून चालले होते. हिने फोनच्या पुस्तकात नाव शोधले आणि सरळ दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, तुम्ही जिवंत आहात," ती म्हणाली.

"असं म्हणतात," मी म्हणाले. "चपला काढून आत ये."

मुलीवर माझा जीव आहे, हे इथे लिहून ठेवते, कारण आता तिची चूक सांगायची आहे. चूक मुद्दाम केलेली नाही. आमच्या स्टुडिओत टेप वाजून संपली की ती उलटी गुंडाळायची नाही अशी शिस्त होती. घाईने गुंडाळलेली टेप सैल बसते आणि खराब होते. म्हणून शेवट बाहेर ठेवून, त्याला लाल पट्टी लावून ती कपाटात जायची. वाजवायची वेळ आली की आधी गुंडाळायची. आम्हा सगळ्यांना हे इतके ठाऊक होते की खोक्यावर कोणी लिहून ठेवले नाही. नेवेना आणि तिच्या सोबत्यांना लाल पट्टी दिसली, त्यांना वाटले इथून सुरुवात. माझी "पलीकडून" ही रचना शेपटाकडून डोक्याकडे वाजली, तशीच तिची तबकडी निघाली, परदेशात गाजली आणि तिला बक्षीसही मिळाले. एका शहाण्याने लिहिले की "माणसाचा आवाज हळूहळू यंत्रात बुडून जातो, हे या शतकाचे सत्य आहे." मी लिहिले होते ते बरोबर याच्या उलट.

कलम ५. "पलीकडून" या रचनेची मूळ टेप माझी मैत्रीण रादोय्का पेत्रोनियेविच हिला मिळावी.

कारण असे. त्या रचनेत आधी जहाजदुरुस्तीच्या कारखान्याचा गोंगाट आहे, मग क्लीनर, मग नदीवरचे भोंगे. एकेक करून सगळे गप्प होतात आणि शेवटी रादोय्का एकटी उरते. तिच्या आईचे कापणीचे गाणे ती गाते. असा गळा मी पुन्हा ऐकला नाही. वर्षभरात तिच्या गळ्याचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला तो गेलाच. मग ती टपाल कचेरीच्या खिडकीशी बसली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. रेडिओने तिची बाकीची गाणी पुसून त्या टेपवर बातम्या भरल्या. तिचा आवाज जगात फक्त माझ्या टेपवर उरला आहे.

तबकडी निघाली तेव्हा तिच्या घरी कुळदैवताचा सण होता. आजी गायची कशी ते ऐका, म्हणून तिने नातवंडे आणि शेजारीपाजारी यांना बसवले. आणि तबकडीतून निघाले काय, तर शिंकणाऱ्या बैलाचा आवाज. नातवंडे हसून लोळली. तिने मला फोन केला. "माझं काय केलंस तू?" एवढेच म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर मी केलेले फोन उचलले नाहीत, चिठ्ठ्या परत आल्या. तिचे ऐकू येणे झपाट्याने कमी होते आहे असे कळते. यामुळे मला झोप लागत नाही. म्हणून माझ्या पश्चात तरी तिने ही टेप आधी गुंडाळून, सुलटी ऐकावी. बक्षीस गेले तरी चालेल.

कलम ५ येथवर लिहून झाल्यावर पुढील घटना घडली, ती वकिलांच्या सल्ल्याने नोंदवते.

दोन साक्षीदार हवे होते. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य तयार झाले. रादोय्काची कवळीही तेच करतात. मला न विचारता त्यांनी तिला सांगितले, दारिंका मृत्युपत्र करते आहे. ती काठी टेकत वर आली.

"मरतेयस असं कळलं," ती आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"अजून नाही. बस."

"बसायला नाही आले. सही कुठे करू?"

पण टपाल कचेरीतली बाई न वाचता सही करत नाही. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सगळे वाचले. क्लीनरपाशी नाकातून हसली. पाचवे कलम दोनदा वाचले.

वकील म्हणाले, "बाई, तुम्हाला यात टेप मिळते आहे. ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही. टेप घ्या, नाहीतर सही करा."

"मला टेप नको," रादोय्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दारिंका, तू मेल्यावर मी ऐकायचं? आणि तोवर माझे कान काय तुझी वाट बघत थांबणार आहेत? यंत्र चालतं का तुझं?"

"चालतं."

"मग बघतेस काय. लाव."

मी टेप आधी गुंडाळली, मग लावली. रादोय्का कर्ण्याला कान टेकून बसली. गोंगाट चालू असताना म्हणाली, "हे तुझं नेहमीचं." भोंगे थांबले आणि ती गायला लागली, पंचविशीतली. दंतवैद्य उठून खिडकीशी गेले. म्हातारीचे ओठ शब्दागणिक हलत होते, आवाज फुटत नव्हता. मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. गाणे संपल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्या ओळीत श्वास चुकीच्या जागी घेतला होता मी."

"मला ठाऊक आहे. मी तो कापला नाही."

"बरं केलंस. पुन्हा लाव. आणि रविवारी नातवंडांना आणते, तेव्हाही."

सबब कलम ५ रद्द करण्यात येत आहे.

कलम ६. सदर टेप नेवेनाच्या संग्रहालयाला मिळावी. तबकडी नव्याने काढावी, सुलटी. तोवर टेप माझ्या कोठीतच राहील, कारण रविवारी लागणार आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, चहा पिऊन कायम केला. खालील दोघांनी माझ्यासमोर, मी त्यांच्यासमोर आणि सगळ्यांनी मिळून वकिलांसमोर सही केली.

ठिकाण: झेमून
दिनांक: १२ ऑक्टोबर २०१९

(सही) दारिंका स्तानोयेविच

साक्षीदार पहिला: (सही) वेलिझार ओब्रादोविच
व्यवसाय: दंतवैद्य

साक्षीदार दुसरी: (सही) रादोय्का पेत्रोनियेविच
व्यवसाय: निवृत्त टपाल कारकून (हे खोडले आहे) गायिका