शेवटचं प्रकरण परत वाच

आई, काल एक रहस्यकादंबरी वाचायला घेतली आणि तिसऱ्या खुनाला मिटून ठेवली. रक्ताची भीती वाटली असं नाही. तू आठवलीस.

तू माझ्याकडून अशीच एक कादंबरी वाचून घेतलीस त्या उन्हाळ्यात, थोरली अक्का खेडला सासरच्या विहिरीत सापडली त्याला वर्ष होत आलं होतं. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहिलं. तिला शेवटची अंघोळ घालताना गळ्यावरचे बोटांचे वळ तू पाहिले होतेस. पण बाबा म्हणाले, "धाकटीचं लग्न व्हायचंय अजून," आणि घरात तो विषय संपला. धाकटी म्हणजे मी. त्या उन्हाळ्यात मी रत्नागिरीच्या वाचनालयातून एक फाटक्या पुठ्ठ्याची कादंबरी आणली. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून दुपारी पडवीत तू फणसाच्या आठळ्या सोलत बसायचीस आणि मी मोठ्यानं वाचायचे. माळरानावरचा बंगला, चार खून, पोत्यात भरलेलं मुंडकं. त्या पोत्यापाशी मी वाचायची थांबले.

"थांबलीस कशाला गो? वाच पुढं." तुझे हात चालूच होते. ते थांबले शेवटच्या प्रकरणात, गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो तिथं.

"सगळे येऊन बसले? कोण पळाला नाय?"

"कुणीच नाही."

"आणि नाव घेतलान त्यानं?"

"घेतलं. सगळ्यांदेखत."

तू आठळ्यांची टोपली बाजूला सारलीस. मग म्हणालीस, "शेवटचं प्रकरण परत वाच."

आठवडाभर मी तेवढंच वाचत होते. मग एका सकाळी तू ठेवणीतलं लुगडं नेसलीस, बाबांना काही न सांगता मला घेऊन एस.टी.त बसलीस आणि आपण खेडच्या पोलीस ठाण्यात गेलो. फौजदारासमोर तू हात जोडून उभी आहेस, अजून दिसतेस मला. "सायेब, तिच्या घरातल्या सगळ्यांना एका जागी बसवा. सासू, दीर, नवरा. नि एकेकाला विचारा. माझ्या लेकीच्या गळ्यावर बोटं होती." माणूस वाईट नव्हता. त्यानं तुला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "बाई, पडताना लागतं. ही काय कादंबरी आहे?" त्याला आपल्या पुस्तकाचं काहीच ठाऊक नव्हतं, पण तू चोरी पकडली गेल्यासारखं माझ्याकडे बघितलंस.

परतीच्या वाटेवर हातखंब्याचा फाटा आला. तिथं गाडी थांबली तेव्हा म्हणालीस, "देऊन टाक ते पुस्तक. लबाड आहे." त्यानंतर तू मला काहीच वाचायला सांगितलं नाहीस. माझं लग्न झालं, आणि दोन पावसाळ्यांनी तू गेलीस.

अक्काचा नवरा गेल्या महिन्यात मुंबईत वारला. म्हातारा होऊन, अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात. शेवटपर्यंत त्याला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही. हे तुला कळवायचं कुठं? कळवता आलं असतं तरी कळवलं नसतं, कारण तो गेल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले होते. त्याची दुसऱ्या बायकोची मुलगी "मावशी" म्हणून माझ्या गळ्यात पडली. तिच्याबरोबर मीही रडले, आई. खोटं नाही रडले.