घर मागायला रचलेले दगड

शुक्र., १३ ऑक्टो. २००६. बिशप
क्युपर्टिनोहून गाडीने सात तास, डोंगराखालचं छोटंसं गाव. मोटेलचा हीटर खडखडतोय. निखिलला पुण्याच्या ऑफिसची ऑफर आलीय, मंगळवारी सकाळी नऊच्या आत हो-नाही कळवायचं. म्हणून ही ट्रिप. "मोकळ्या हवेत डोकं चालतं," इति नवरोबा. माझं नाही चालत. जावंसंही वाटतं, नकोही वाटतं. अमेरिकेत येऊन पाच वर्षं झाली, अजून भिंतीला खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारा. एक घर आपलं असावं, बस्स. कुठे, ते मलाही ठाऊक नाही.

शनि., १४
क्रमाने लिहिते.

आठला चढायला लागलो. आठ हजार फूट, धाप लागते. उन्हात भाजतं, सावलीत काकडायला होतं. वाटेत जुन्या चांदीच्या खाणी: काळी भोकं, गंजके रूळ, मोडकी खोपटी. आणि जागोजागी दगडावर दगड रचलेले! आपल्याकडे देवीच्या डोंगरावर 'घर होऊ दे' म्हणून रचतात, अगदी तस्सेच. इतकं बरं वाटलं. म्हटलं, इथेही लोक घरच मागतात.

पुढे माझा गुडघा बोलायला लागला. निखिल म्हणाला, "तू बस, मी वरची खाण बघून अर्ध्या तासात येतो." बसून काय करू? वाट फुटते तिथे डावीकडच्या कोरड्या ओढ्यात चपटे दगड छान होते. एक रास रचली, मग हौसेने आणखी चार. हात जोडले. घर कुठे हवं, तो पत्ता काही सांगता येईना. मग खाली झाडाच्या सावलीत जाऊन तिखटमिठाच्या पुऱ्या खात बसले.

दीड तास झाला तरी निखिलचा पत्ता नाही. हाका मारून घसा बसला. फोनला रेंज नाही. वरून एक अमेरिकन आजी-आजोबा उतरले. आजी भडकलेल्या: हे दगड म्हणजे वाटेच्या खुणा, लोक त्यावर भरवसा ठेवून चालतात, आणि फाट्यावर कोणीतरी खोटे रचून ठेवलेत! "कोणाला पाहिलंस का?"
"नो," म्हणाले मी. धडधडीत.

गुडघा विसरून वर पळाले. ओढ्यातून निखिल येत होता. कोपर सोललेलं, चेहरा पांढराफटक. गळ्यात पडून रडले.
"उतरताना फाट्यावरच्या दगडांच्या मागे मागे गेलो, तर पुढे एकदम खड्डा. खडा टाकला, पडल्याचा आवाजच नाही आला, यार."
मूर्ख, मूर्ख, मूर्ख मी.

पाचही राशी लाथेने उडवल्या. त्याला वाटलं, त्याच्या काळजीपोटी चिडलेय.

रवि., १५. घरी
गाडीत सांगायला दहादा तोंड उघडलं. "एसी कमी कर," एवढंच बाहेर पडलं. मग तोच म्हणाला, "त्या खड्ड्याच्या काठावर माझं ठरलं. परक्यांच्या खुणांवर किती दिवस चालायचं? पुण्याला जाऊ."
परक्यांच्या! अगं बाई गं.

आता सांगितलं तर म्हणेल, हिला जायचं नाही म्हणून सांगतेय. आणि तसंच असेल तर? मलाच कळत नाहीये. नाही सांगितलं तर जन्मभर पुण्यात बसून मनात... नको.

सोम., १६
ऑफिसात दिवसभर लक्ष नाही. संध्याकाळी निखिलने मेल लिहून दाखवली. छान लिहिलीय. किती दिवसांनी इतका खूश दिसला.
"पाठवू?"
"थांब."
"का गं?"
"वरण व्हायचंय. जेवून पाठव."
हसला. "बरं."

जेवणं झाली, भांडी झाली. तो लॅपटॉप उघडून बसलाय, आणि मी बाथरूमला कडी लावून हे लिहितेय. आत्ताच त्याने दार वाजवलं.
"काय गं, बरी आहेस ना?"
आले, म्हटलं.