जवसाच्या फुलाखालची जागा

बाबा, तुम्ही काढलेल्या शेवटच्या फोटोबद्दल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. काचबिंदूनं तुमची नजर जवळजवळ गेली होती आणि तुम्ही माझ्या डोळ्यांवर विसंबला होता, म्हणून इतक्या वर्षांनी का होईना, हे लिहायलाच हवं.

देऊळघाटच्या आपल्या स्टुडिओत तुम्ही जन्मभर पासपोर्टचे फोटो काढले, लग्नं काढली. पण रोलवर शेवटी एखादा फोटो उरला की तो फुलाचा, हा तुमचा नेम. नवरदेवाचा बाप अल्बमसाठी डोकं खायचा, तरी तुम्ही आधी सकाळी शेताकडे निघायचा आणि मागे मी, पांढरं धोतर आणि स्टीलचं ताट घेऊन. बापलेक जेवायला चालले म्हणून लोक हसायचे. धोतर उन्हाच्या आड धरलं की फुलावरचा उजेड मऊ व्हायचा. ताट खालून धरलं की सावलीतल्या पाकळीचाही रंग दिसायचा. एकदा कपाशीचं फूल नीट दिसावं म्हणून मी त्याची मान दोऱ्यानं वळवून बांधली. तुम्ही कॅमेरा खाली ठेवलात. "फुलाले काऊन बांधलं वं? ते जिथं हाय तिथंच राहीन. आपण सरकाचं." मग दोरा सोडवून तुम्ही चिखलात पालथे झोपलात आणि ऊन फुलामागे घेऊन ते असं काढलंत, की पाकळीतली शीर न् शीर मोजून घ्यावी. मला तुमचा राग आला होता, आणि मी थक्कही झाले होते.

लग्न होऊन मी लोणारला गेले. एका हिवाळ्यात माहेरी आले तर तुम्ही म्हणता, "जवसाचं घेऊ." जवसाचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत पाकळ्या गाळून मोकळं होतं, तेवढं एक तुम्हाला मनासारखं कधी साधलं नव्हतं. आता तर कॅमेऱ्यातून तुम्हाला नुसता निळा डाग दिसत असणार. फोकसचं अंतर डोळ्यांऐवजी हातानं मोजायला तुम्ही कॅमेऱ्याला गाठ मारलेली सुतळी बांधलीत आणि ती गाठ फुलापर्यंत पोचेल एवढ्या अंतरावर स्टँड उभा केलात.

"खाली कोरी जागा हाय ना?"

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. "हाय, पण फूल लय वर गेलं, बाबा."

"राहू दे."

तासभर तुम्ही हलला नाहीत. धोतर धरून माझे हात भरून आले. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा मी रस्त्याकडे पाहत होते.

पुढच्या खेपेला आले, तेव्हा धुऊन आलेल्या फोटोचं पाकीट तुम्ही माझ्यासाठी ठेवलं होतं. "कसा आला?"

"एक पाकळी गळाली हाय. वाया गेला, बाबा."

"हाव? मंग जाऊ दे." तुम्ही कॅमेरा पुसून पेटीत ठेवलात. तो तुम्ही पुन्हा बाहेर काढला नाहीत.

यंदा मी मोबाइलवर जवस काढायला लागले. शंभरेक फोटो काढले, एकातही जीव नाही. तुम्ही उजेड कुठून घेतला होता ते पाहावं म्हणून परवा ते पाकीट काढलं आणि दारातल्या उन्हात फोटो धरला. चार पाकळ्या फुलावर आहेत. पाचवी खाली, तुम्ही ठेवलेल्या कोऱ्या जागेत, हवेत आहे. ऊन तिच्यातून आरपार गेलंय आणि ती अजून जमिनीला लागलेली नाही. ती पडायच्या तासभर आधी तुम्ही तिच्यासाठी जागा करून ठेवली होती. ती नेमकी कधी सुटली हे तुम्हाला कसं कळलं, बाबा? गालावरच्या वाऱ्यावरून? डोळे धड असून मला ते सात जन्मांत जमणार नाही. मी उंबऱ्यावरच बसून राहिले. चहा गार झाला.

हे पत्र कुठे टाकणार? फोटोच्या पाकिटातच ठेवते. पण एक सांगायचं राहिलं. पाकीट दिलंत त्या दिवशी लोणारची बस सुटेल म्हणून मी घाईत होते. तो फोटो मी पाकिटातून फक्त वरचा अर्धा बाहेर काढून पाहिला होता.