इतवाऱ्यातल्या घराची किंमत

इतवारा, बऱ्हाणपूर
नोव्हेंबर १९५६

नाना,

नवा प्रांत झाला, मराठी माणसाचं आता इथे काही खरं नाही, असं तू जळगावात बसून ठरवलंस आणि आपल्या घराची किंमत बारा हजार म्हणून मोतीलालशेटना कळवून मोकळा झालास. या घरात राहते मी, आणि मला विचारलंही नाहीस!

आज मोतीलालशेट घर बघायला आले. सागवानी खांबांवर टिचक्या मारल्या, मग विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायले. आपल्या आळीत घर घेणारा आधी पाणी पिऊन बघतो, तेही विसरला असशील. पाणी गोडच लागलं, तरी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाई, इतने सस्ते में? घर में कोई दोष तो नहीं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दोष किंमत सांगणाऱ्यात आहे. घर चोवीस हजारांचं आहे!" वाटलं, दुप्पट ऐकून माणूस आल्या पावली परत जाईल.

त्यांच्या आठ्याच गेल्या. "अब ठीक है," म्हणाले आणि सौदा पक्का म्हणून इसाराचा रुपया माझ्या हातावर ठेवला.

हे पत्र मी टाकणार नाही. चोवीस हजार ऐकून तू मला शाबासकी देशील, आणि मी राहायचं कुठे, हे तेव्हाही विचारणार नाहीस.

तुझी बहीण,
मनकर्णा