ब्रिस्टलच्या गृहस्थांचा पॅच

काका, ऑफिसात सगळे तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारायचे, मॅनेजरसुद्धा, आणि इंग्रजीत मीही तसंच म्हणायचे. पण किचनमध्ये आपण दोघंच असलो आणि बोलणं मराठीवर आलं की माझी जीभ अडायची. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने कसं बोलवायचं? आठवडाभर मी नुसतं ‘अहो’ म्हणून वेळ मारून नेली. मग केटल भरता भरता तुम्हीच म्हणालात की काका म्हण, आमच्यातही काकाच म्हणतात. आमच्यात म्हणजे मुंबईहून आलेल्या मराठी ज्यूंच्यात. पुण्याहून थेट इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकला येऊन पडलेल्या मला असे लोक असतात हेच ठाऊक नव्हतं, आणि ते मी तुमच्या तोंडावर बोलूनही दाखवलं. तुम्ही हसलात आणि माझ्या मगात न विचारता दोन चमचे साखर घातलीत. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट असेल ही.

काम कसलं ते तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आपण लिहीत नाही. तो जगभरातले लोक मिळून लिहितात. आपण आपल्या डिस्ट्रिब्युशनच्या, म्हणजे त्या गाभ्याभोवती आपली कंपनी बांधून देते त्या सिस्टिमच्या, वापरणाऱ्यांसाठी त्यात लहान लहान दुरुस्त्या बसवतो, त्या दुरुस्त्या म्हणजे पॅच. ‘पोरी, बाहेरून तयार सदरा येतो,’ तुम्ही म्हणालात, ‘आपल्या माणसाच्या अंगाला बसावा म्हणून आपण टिपा घालतो. नवा सदरा आला की त्याच टिपा परत.’ आपल्या यादीत अशा दोनशेच्या वर टिपा होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर चार ओळींत लिहिलेलं असायचं की ही कुणी घातली, कशासाठी घातली आणि कधी काढायची. मूळ कर्नलवाल्यांनी तीच दुरुस्ती स्वतःकडे घेतली की आपला पॅच काढून टाकायचा. एरवी काढायचा नाही, मग तो एकाच माणसाच्या कामाचा का असेना.

असा एकाच माणसाचा एक पॅच होता. ब्रिस्टलचे एक गृहस्थ, कॉलेजात गणित शिकवायचे, जन्मापासून अंध. कीबोर्डपुढे ठेवायची एक ब्रेल पट्टी असते. स्क्रीनवरची ओळ तिच्यावर बारीक टाचण्यांसारखी वर येते आणि बोटांनी वाचता येते. त्यांची पट्टी इतकी जुनी की कर्नल तिला ओळखायचा तो केवळ तुमच्या पॅचमुळे. तशीच एक पट्टी तुम्ही कुठूनशी मिळवून आपल्या खणात ठेवली होती. नवीन कर्नल आला की ती जोडून पाहायची, दहा मिनिटांचं काम.

तो डिसेंबरातला शुक्रवार. शुक्रवारी काही पाठवायचं नाही हा तुमचा नियम, कारण सूर्य मावळल्यापासून शनिवार संध्याकाळपर्यंत तुमचा शब्बाथ, तेवढा वेळ तुम्ही कॉम्प्युटरला हात लावत नव्हतात, आणि इकडे डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो. पण त्या आठवड्यात कर्नलमध्ये कुणालाही बाहेरून घुसता येईल अशी फट सापडली होती आणि थांबणं शक्य नव्हतं. नव्या आवृत्तीवर पॅच बसवायचं काम माझ्याकडे. मला अजून स्वतःच्या सहीने काही पाठवायचा अधिकार नव्हता. काम माझं, डिजिटल सही तुमची, आणि नोंदीत नाव तुमचं. ब्रेलचा पॅच काही केल्या बसेना. उघडून पाहिला तर त्यातल्या निम्म्या ओळी मूळ कर्नलमध्ये आधीच आलेल्या. मला हुशारी सुचली. ‘मूळ कर्नलमध्ये आला आहे’ असं लिहून मी तो यादीतून काढला. उरलेला निम्मा दुसऱ्या फाईलमध्ये होता, ती मी उघडलीच नाही. तुम्ही माझ्या टेबलापाशी उभे आहात, कोटाच्या एका बाहीत हात, दुसरी लोंबतेय, आणि ट्रेनला वीस मिनिटं.

‘दोन्ही फायली पाहिल्यास?’

‘हो.’

‘पट्टी लावून पाहिलीस?’

‘हो, काका.’

तुम्ही खण उघडून पाहिला नाहीत. उघडला असतात तर केबलला तुम्ही घातलेली गाठ तशीच दिसली असती. वाकून सही केलीत, शब्बाथला उशीर नको म्हणालात आणि निघालात.

शनिवारी सकाळी वापरणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर, जी आपण सगळेच वाचायचो, ब्रिस्टलहून मेल आली, बहिणीला सांगून तिच्या कॉम्प्युटरवर टाइप करून घेतलेली. अपडेटनंतर पट्टी गप्प झाली आहे, सोमवारी विद्यार्थ्यांची परीक्षा आहे, प्रश्नपत्रिका अर्धवट मशीनमध्ये आहे, काय करू? उत्तर मला माहीत होतं. मशीन सुरू होताना जुना कर्नल निवडायचा, बस. बहिणीला दोन ओळींत सांगता आलं असतं. पण त्या दोन लिहिल्या असत्या तर चूक कुणाची हे सांगणारी तिसरीही लिहावी लागली असती. मी कपडे मशीनला लावले, भाजी आणली, आणि मधे मधे लिस्ट उघडून बघत राहिले. दुपारी त्यांची दुसरी मेल आली, पहिलीपेक्षा नम्र. मी मिठाची गुळणी धरून बसले. खोटं तर घाईत बोलून गेले होते, पण इथे मला अख्खा दिवस मिळाला होता. मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या दिवसाची. संध्याकाळी, शब्बाथ संपल्या संपल्या, तुमचं उत्तर आलं. बहिणीने कुठली कळ कधी दाबायची ते एकेक पायरी करून, आणि शेवटी तुमच्या सहीने, ‘पॅच काढताना मी नीट तपासलं नाही, चूक सर्वस्वी माझी, क्षमा करा.’

सोमवारी तुम्ही माझ्या आधी आला होतात. पॅच परत यादीत होता आणि पट्टी तुमच्या टेबलावर जोडलेली होती. म्हणजे खण उघडून झाला होता. मॅनेजरने सगळ्यांदेखत विचारलं की इतक्या वर्षांच्या माणसाकडून असं कसं होतं, आणि तुम्ही म्हणालात, घाई केली. मी माझ्या स्क्रीनवर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी बघत होते. अकराला तुम्ही मला चहाला बोलावलंत. दोन मग भरलेत, माझ्यात साखर घातलीत आणि फ्रिजला टेकून उभे राहिलात.

‘तुला काही सांगायचंय का, पोरी?’

‘नाही,’ मी म्हणाले.

तुम्ही चमचा धुऊन जागेवर ठेवलात. मग म्हणालात, ‘बरं. चहा गार होतोय.’

माझं वर्क परमिट कंपनीच्या नावावर होतं, नोकरी गेली तर थेट पुणे, हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं पुरवलं. ते खोटं नाही. पण तुम्ही कुठे मला काढायला निघाला होतात? तुमच्या नजरेत मी हुशार होते आणि ते मला सोडवेना, एवढंच. तुम्ही चार शब्द सुनावले असतेत तर मी सुटले असते. उलट पुढच्या उन्हाळ्यात मला स्वतःच्या सहीचा अधिकार मिळाला, तोही तुमच्या शिफारशीवर. त्यात तुम्ही लिहिलं होतं की ही मुलगी आता तपासल्याशिवाय काही पुढे जाऊ देत नाही. पुढे शेवटच्या आजारात तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा मी द्राक्षं घेऊन आले, आणि अर्धा तास नव्या कर्नलविषयीच बोलत बसले. निघताना तुम्ही विचारलंत की ब्रिस्टलचे गृहस्थ कसे आहेत. ठीक आहेत म्हटलं. मला माहीत नव्हतं.

आता ती टीम माझ्याकडे आहे. नव्या लोकांना पहिल्याच आठवड्यात मी शिकवते की पॅच कधी काढायचा आणि कधी नाही. शिकवताना उदाहरण लागतं, आणि इतकी वर्षं मी तुमचंच देतेय. आमचे एक ज्येष्ठ होते, त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही, पण त्यांनीसुद्धा एकदा न तपासता एक पॅच काढला, आणि ब्रिस्टलमध्ये एक माणूस दिवसभर अडकून पडला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गोष्ट चांगली रंगते, बहिणीच्या मेलपाशी सगळे वहीतून मान वर करतात. पहिल्यांदा सांगितली तेव्हा सगळा वेळ बोर्डाकडे तोंड करून होते. हल्ली समोर बघून सांगते. गेल्या गुरुवारी एका नव्या मुलीने विचारलं, ‘पण हे त्यांनी एकट्याने केलं? बरोबर कुणीच नव्हतं?’

‘कुणीच नव्हतं,’ मी म्हणाले.

तिने वहीत लिहायला तुमचं नाव मागितलं. मी दिलं, आडनावाच्या स्पेलिंगसकट.

तुमच्या मुलीचा लंडनचा पत्ता माझ्याकडे आहे. तुमच्या लोकांच्या नव्या वर्षाला ती अजून मला कार्ड पाठवते, डॅड तुमच्याविषयी फार अभिमानाने बोलायचे असं त्यात लिहिते. हे पत्र तिला पाठवावं असं दोनदा मनात आलं. पण तिला मराठी वाचता येत नाही, आणि ऑफिसात तर कुणालाच येत नाही. मराठीत लिहायला बसले तेव्हा हे मला माहीत होतं, काका.